ज्याचा त्याचा विषय

१२ फेब्रुवारी १९६८, सोमवार

सरांनी ठरवलं ते ठरवलं. संस्थेच्या पाहणीसाठी आमचंच गाव! "आयरीन, तुझं घर तिथेच आहे, लोक दारं उघडतील." उघडतील ना. मला नाही म्हणता येत नाही हे सरांनी पहिल्या दिवशीच ओळखलंय.

वाटणी झाली. नकाशे माझ्याकडे. शेती श्यामकांतकडे. चुलीत काय जळतं, दिवा कशावर लागतो, म्हणजे ऊर्जा, ते चंद्रप्रकाशकडे. कोणाची मुलं कुठल्या नोकरीला लागली ते जानकीकडे. आणि सगळ्याचं अर्थशास्त्र भाऊंकडे, कारण भाऊ सगळ्यांत वयस्कर आणि त्यांना उन्हात फिरायचं नाही. गाव एक आणि चिरफाड करणारे पाच, असं मी बोलले. फक्त जानकी हसली.

घरी पपांना सांगितलं. मम्मा गेल्यापासून पपा संध्याकाळी दिवा लावत नाहीत, अंधारात खुर्चीत बसून राहतात. आज उठून स्वतः दिवा लावला. "शिकलेली माणसं येणार आपल्याकडं? मासे काय आणायचे गो बाय?"

१९ फेब्रुवारी

नोटीस आली. आमचं मोठं शेत सरकार घेणार, विहिरीसकट. कारण एवढंच लिहिलंय — सार्वजनिक काम. हरकत असेल तर महिन्याभरात कचेरीत लेखी द्यायची.

पपांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग घडी घालून क्रुसामागे ठेवली. जेवले नाहीत. मीही नाही. हे शेत गेलं तर पपांकडे काय उरलं? मागची परसबाग आणि खुर्ची.

२८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

श्यामकांत आला. पपा चर्चच्या मिसाहून तसेच शेतावर, कपाळावर राख. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची असते, त्यासाठी शेण आणि पाला अंथरत होते, म्हणजे राब. श्यामकांत बांधावर छत्री धरून उभा. बियाणं कुठलं, खत किती, बैल स्वतःचे की भाड्याचे. पपांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी काम थांबवून म्हणाले, "आणि हे पण लिहा. ही जमीन मी देणार नाही. माझी हरकत आहे."

श्यामकांतने लिहिलं. पपा वाकून बघत होते तो लिहितोय की नाही. इंग्रजी पपांना वाचता येत नाही. लिहितोय एवढं दिसलं, पुरे झालं.

उपास असून पपांनी त्याला बोंबलाचं कालवण करून वाढलं. स्वतः समोर बसून त्याचं जेवण बघत होते. किती दिवसांनी चेहरा असा दिसला त्यांचा!

७ मार्च

चंद्रप्रकाश तागडी घेऊन आला. चुलीतलं लाकूड काढून काढून वजन करतोय. पपांना एवढी गंमत वाटली की शेजारच्या अंजनाबाईला हाक मारून दाखवलं. निघताना त्यालाही तेच — "माझी हरकत आहे, लिहून घ्या." त्यानेही लिहिलं.

११ मार्च

आज जानकी. तुझा भाऊ फ्रेडी काय करतो? जहाजावर. परत येऊन शेती करेल? पपा म्हणाले, "तो कशाला येतो. एक पोरगा पाण्यावर, एक पोरगी कागदावर. मातीत मी एकटा." मग तिलाही हरकत सांगितली.

जानकीला वाट दाखवायला कोपऱ्यापर्यंत गेले. ती म्हणाली, "तुझे पपा किती गोड आहेत गं." मला एकदम रडू आलं आणि मी चिलटांवर ढकललं.

१७ मार्च

चर्चबाहेर एडवर्डने हटकलं. त्याचा तुकडा आमच्याच बांधाला लागून. "आमची हरकत देऊन झाली. रोझारिओ अंकलनं दिली ना? आता मुदत संपेल."

घरी पपांना विचारलं. "झालंय ते काम. सगळं व्यवस्थित लिहून घेतलं त्यांनी." मी टेबलावर नकाशा पसरून बसले होते, हाताला हिरवा रंग. बरं म्हटलं. कोणी लिहून घेतलं हे विचारलं नाही.

३ एप्रिल

भाऊ अखेर आले, टॅक्सीने. ओटीवर बसून सगळा हिशेब घेतला. पपांची हरकतही घेतली. जाताना पपा त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले, टोपी काढून. भाऊंना साहेब झाल्यासारखं वाटलं असेल. मला नाही आवडलं.

१९ मे

राब भाजला. सगळ्या घरात धूर. पपांनी केस विंचरलेत, शीळ घालतायत. नोटिशीचं नाव नाही. मीच काळजी करत बसते उगाच, रिकामं डोकं.

२ जुलै

काय लिहू.

एडवर्ड पेढे घेऊन आला. हरकत देणाऱ्यांना कचेरीने बोलावलं होतं, सुनावणी झाली, हद्द सरकवली. त्याचा तुकडा सुटला. पलीकडच्या दोघांचेही सुटले. "अंकल दिसले नाहीत तिथं?"

पपांना बोलावणंच नव्हतं.

तो गेल्यावर विचारलं, पपा, हरकत कुठे दिली होती? पपा माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच वेडी. "तुमच्या ऑफिसात. श्यामकांतनं लिवली, जानकीनं लिवली, त्या तागडीवाल्यानं, मोठ्या साहेबांनी. एडवर्डनं एकाला दिली. मी चौघांना दिली." मग हळूच, "आणि तू घरचीच."

मी सांगितलं. ते वेगळं आहे, पपा. ते अभ्यासासाठी लिहून घेतात. कचेरीशी त्याचा संबंध नसतो.

मग म्हणाले, "मग एवढे शिकलेले लोक एवढं लिवून नेतात, ते जातं कुठं?"

मी पेढ्यांचा पुडा उचलून आत नेला.

३ जुलै

ऑफिसात श्यामकांतला गाठलं. त्याने वही उघडून दाखवली, लपवलं काही नाही. लिहिलंय — जमीन सोडण्याची तयारी नाही. "मला वाटलं त्यांचं मत सांगतायत. आणि जमीन घेण्याबिण्याचं माझ्या विषयात येत नाही यार, मी शेतीचा माणूस." चंद्रप्रकाश म्हणाला, माझा विषय जळण. भाऊ म्हणाले, अशा प्रकरणात भरपाई मिळतेच, वाईट वाटून घेऊ नकोस.

जानकी मात्र खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मला एकदा वाटलं होतं सांगावं. पण तू घरची. म्हटलं, तू बघतच असशील."

कोणावर चिडू? सगळ्यांची वाक्यं बरोबर. माझंही बरोबरच — माझा विषय नकाशे.

९ जुलै

मी स्वतः अर्ज घेऊन कचेरीत गेले. कारकून भला होता, खुर्ची दिली. मुदत गेली म्हणाला. पीक मात्र काढू देतील. एवढंच.

लावणी चालू आहे. पपा गुडघाभर चिखलात. दर वर्षीसारखीच सरळ ओळ लावतायत. मी शनिवारी उतरले त्यांच्याबरोबर. एकदाच म्हणाले, "मुळं खोल दाब गो, नाहीतर तरंगतील."

६ ऑक्टोबर, रविवार

आगेरा. दर वर्षी पहिली कणसं देवळात नेऊन पाद्रीबाबांच्या हातून आशीर्वाद घ्यायचा, तोपर्यंत नवा तांदूळ खायचा नाही. पपांनी सगळ्यांत मोठी पेंढी नेली. बँड पुढे, पपा मागे, पांढरा शर्ट, मम्माने शिवलेला. लोक बाजूला होऊन वाट देत होते. मला ते बघवेना. मयतात देतात तशी वाट होती ती.

घरी आल्यावर पपांनी अर्धी कणसं क्रुसामागे खोवली. नोटीस तिथेच होती अजून, ती मात्र काढली नाही.

२२ नोव्हेंबर

तारेचं कुंपण घातलं आज. विहीर आत गेली.

१४ डिसेंबर

अहवाल छापून आले. पाच पुस्तकं, एकाच आकाराची, निळी. सर खूष. म्हणाले, एका गावावर इतक्या अंगांनी काम झाल्याचं उदाहरण नाही. चहा, समोसे. माझ्या नकाशाचं खास कौतुक.

घरी आणली पाचही. पपांनी हात धुऊन घेतली. "ह्यात मी कुठं आहे?" मी पानं काढून दिली. शेतीच्या पुस्तकात त्यांचं बियाणं आणि बैल. ऊर्जेच्या पुस्तकात त्यांची चूल. नोकऱ्यांच्या पुस्तकात फ्रेडी आणि मी. भाऊंच्या पुस्तकात त्यांचा नफा-तोटा, बहुतेक तोटाच. माझ्यात हिरवा चौकोन. नाव कुठेच नाही. हरकत श्यामकांतच्या पुस्तकात आहे, एका ओळीत — वृत्ती पारंपरिक, बदलास प्रतिकूल. मराठीत काय सांगू त्याचं? म्हटलं, इथे लिहिलंय तुम्ही जमीन देणार नव्हता.

त्या ओळीवर बोट ठेवून बसले. "लिवलंय ना. मग बरं."

रागावले असते तर झेपलं असतं मला.

१८ जानेवारी १९६९

पपा परत संध्याकाळी दिवा लावत नाहीत. मी येऊन लावते.

१० फेब्रुवारी १९६९

संस्थेला स्वतःची इमारत मिळणार. सरकारने जागा दिली. सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, टाळ्या झाल्या, मग मला म्हणाले, जागेचा नकाशा तू काढ आयरीन, तुझ्या भागातलीच आहे. सर्व्हे नंबर बघितला. आमचं मोठं शेत. विहीर बुजवून तिथे ग्रंथालय.

पपांना न सांगून कसं चालेल. अंधारातच सांगितलं, दिवा न लावता. खुर्ची करकरली. मग म्हणाले, "जवळ आलं की गो. दुपारी घरी जेवायला येत जा."