महागड्या सुईचे प्रयोजन

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,

सा. नमस्कार. कंबर धरली असल्याने तो मनातल्या मनातच घातला आहे, गोड मानून घे.

रेकॉर्ड पुसायचा ब्रश आणायला दुकानात गेलो होतो. दुकानदाराने माझ्या प्लेअरची सुई कोणती ते विचारले आणि उत्तर ऐकून, रिपोर्ट बघितल्यावर डॉक्टर काढतात तसा चष्मा काढला. मग हळूच म्हणाला, सुई आणि सुईचा दांडा बदला, आजवर ऐकले नाही ते ऐकू येईल. दोन्हींची किंमत माझ्या दोन पगारांएवढी. महिनाभर घरी वापरून बघा, पटले तर घ्या, एवढी त्याची उदारता.

पूर्वपक्ष असा, की पन्नाशी उलटलेल्या संस्कृतच्या मास्तराने एवढे पैसे कानांवर उधळू नयेत. सिद्धान्त अजून हाती लागलेला नाही. आमची ही म्हणते, तिला फरक एवढाच जाणवला की आता धूळसुद्धा स्पष्ट ऐकू येते. यावरून दांडा बसवून झाला आहे, हे तू ताडले असशीलच.

तू जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेस, माझाही तपास. आत्याला नमस्कार. लोभ आहेच, किंमत वाचून तो घटू देऊ नकोस.

तुझा भाऊ

ता. ९ जानेवारी

चि. पंडितास अनेक आशीर्वाद.

मागे तू दुर्बीण घेतली होतीस. तिच्या तिकाटण्यावर आता टॉवेल वाळतात, असे तुझी बायको सांगते. तरीही ऐकून न घेता नाही म्हणणार नाही.

नव्या रेकॉर्डवर परीक्षा घेऊ नकोस, नवे सगळेच छान वाटते. तोंडपाठ असलेली लाव. आत्याने लग्नानंतर काकांच्या व्हायोलिनच्या साथीने गायलेली ती एकुलती एक रेकॉर्ड तुझ्याकडेच आहे ना? आत्या घराबाहेर पडली रे पडली की आपण ती लावायचो. ती घरात असताना लावायची सोयच नव्हती. दुसऱ्या कडव्याला मी चुकले आहे, हे तिचे पालुपद. आपण सगळे म्हणायचो, छे, काहीतरीच. परवाही शेजारणीने त्या गाण्याची स्तुती केली, तर उठून आत गेली आणि भांडी आपटत बसली. ऐंशी झाली तरी विनय काही सुटत नाही.

त्या गाण्यात नवे काही ऐकू आले तर सुई घे. नाहीतर मुकाट्याने परत कर. माया आहे म्हणूनच खडसावते, हे ध्यानात असू दे.

ताई

ता. १५ जानेवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

ऐकू आले, नसते आले तर बरे, असे वाटते आहे. आत्या खरोखरच चुकली आहे.

जुन्या सुईवर काकांचे व्हायोलिन मागे कुठेतरी गुणगुणायचे. आता ते खोलीत येऊन उभे राहते. पहिले कडवे संपते, व्हायोलिन एक लांब सूर धरते आणि तो पुरा व्हायच्या आत आत्या दुसरे कडवे सुरू करते. व्हायोलिन तो सूर अर्धवट टाकते, मधली पायरी गाळते आणि धावत येऊन तिला गाठते. पाठोपाठ बाकीची वाद्येही येतात. सगळे मिळून तिच्याबरोबर गेल्यामुळे तीच बरोबर वाटते. पुन्हा पुन्हा लावून पाहिले. आता प्रत्यक्ष प्रमाणापुढे बोलायला जागा नाही.

तिला यातले काही सांगू नकोस. आपण एवढी वर्षे नाही नाही म्हणत आलो आणि आता भाच्याने दोन पगार मोजून तिची चूक पकडली, हे काही बरे दिसत नाही. सोमवारी सगळे परत करतो. माझ्या कानांवर रागावलीस तरी माझ्यावर लोभ राहू दे.

तुझा भाऊ

ता. १९ जानेवारी

चि. पंडिता,

शंभर वर्षे जग, पण मास्तरकी जरा आवर.

ताई ऑफिसात होती, म्हणून तुझे पत्र मीच उघडले. पाकिटावर माझे नाव नाही हे दिसत होते, चष्मा चांगला आहे. सुई परत करू नकोस. केली असशील तर आजच्या आज घेऊन ये.

तेव्हा सगळे एका दमात वाजवून घेत. मी घाई केली आणि तुझ्या काकांनी ते असे झाकले की पलीकडे काचेआड बसलेल्यांनाही कळले नाही. मी ज्याला त्याला सांगत राहिले, माझी चूक झाली, यांनी सावरली. लोक म्हणत, चूक कुठे आहे? किती गोड गायलात! चूकच नाही म्हटल्यावर सावरले तरी काय? रेकॉर्डवर माझे नाव आहे, त्यांचे नाही. ते गेले, तरी त्यांचे ते काम कुणाच्या कानावर पडले नाही. माझी स्तुती ऐकताना मला चोरासारखे होई. विनय कसला आलाय?

आता तुला ऐकू आले. एकाला आले, पुष्कळ झाले.

दांड्याचे तू आणि तो दुकानदार बघून घ्या, मला त्यातले कळत नाही. सुई ठेव. शनिवारी ताई मला तुझ्याकडे आणते आहे, तिला मी आज संध्याकाळी सांगेन. लोभ करा, पण कान उघडे ठेवून.

खुर्ची यंत्राजवळ मांड. सगळे गाणे लावू नकोस, ते मला येते. हे धावत येतात, तेवढेच ऐकायचे आहे.

आत्या