परत येण्याचं कारण

नळदुर्ग, रविवार संध्याकाळ

लेकीच्या बाळंतपणासाठी हिला ऑस्ट्रेलियाला जायचंय. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मी इथंच राहणार. वाटलं होतं, व्हिसासाठी मुंबईला खेटे घालावे लागतील. पण आज घरीच, मोबाईलवर अर्ज भरला. फोटो, पासपोर्ट सगळं चढवलं. मग प्रश्न आला, भारतात परत कशासाठी येणार? मी थबकलो. ही तिकडं नातवात रमली तर? हे कितीक दिवस मनात टोचतंय, बोललो मात्र नाही. मी घर, शेत असं लिहू लागलो. हिला वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी हायत की इथं. तेवढं पुरत न्हाय का त्यांना?"

मी घर आणि शेताच्या आधी 'नवरा' लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.