पिस्तुलाच्या पेटीतला चौका

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. लातूर.

उदगीरहून सामान आलं. टेम्पोभाडं साडेतीन हजार, हमाली पाचशे, कडी-कुलूप एकशे ऐंशी, बेलाची पानं वीस (उदगीरला दारातच मिळायची). आणि ह्यांची पिस्तुलाची पेटी, अठरा हजार! गोलाईमागच्या, जुन्या वस्तू विकणाऱ्या बजरंगकडून घेतली, मला न विचारता. मी फक्त लाल शाईनं लिहिलं. ह्यांनी वहीत डोकावून विचारलं, "सिद्धम्मा, लाल शाई फुकट येती का?" लई दिवसांनी दोघंही हसलो.

ह्यांची शाळेतली कारकुनी संपली, फंडाच्या पैशातून हे दोन खोल्यांचं घर झालं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, पण छत आपलं. जुन्या चांदीच्या डब्या, अत्तरदाण्या, बंदुकीची दारू ठेवायच्या पितळी कुप्या, असलं गोळा करायचा ह्यांना जन्माचा नाद. आता त्याला काचेचं कपाट मिळालं. जावई महांतेश मुदखेडहून शिवानीला पोचवून गेले. एकुलती लेक, आठवा महिना, पहिलं बाळंतपण. श्रावणातला पहिला सोमवार न् लेक घरात. महादेवाकडं आणखी काय मागू?

७ ऑगस्ट

पितळ घासायचं काम माझ्याकडंच आलं. पेटी शिसवी, आत विटकी हिरवी मखमल. पिस्तूल (चाप कायमचा जाम केलेला, तसे कागद आहेत), कुपी, गोळ्या ओतायचा साचा. ज्याच्या त्याच्या आकाराचा खळगा. कोपऱ्यात झाकणाचा छोटा कप्पा. त्यात चांदीची डबी निघाली. बजरंगला वाटलं होतं, चुन्याची असंल. चुन्याची कसली! गळ्यात इष्टलिंग बांधायचा चौका तो, लहान लेकराच्या मापाचा. आत लिंग होतं.

माझा हात थांबला. आपल्या लिंगायतांत जन्मल्यावर गळ्यात येतं ते लिंग, मेल्यावर डाव्या तळहातावर ठेवून माती देतात. माणसाबरोबर जातं. हे मागं कसं राहिलं?

हे म्हणाले, असंल कुणाचं तरी. मग माझ्याही मनात हिशेब आला. चांदीचा भाव काय झालाय! लिंग मठात देऊ, चौका शिवानीच्या बाळाला होईल. चौका तळहातावर धरून मी मोठ्यानं बोलूनही गेले, की हा आता आमच्या बाळाचा. शिवानी म्हणाली, आई, बाळ यायच्या आधीच बचत सुरू झाली का तुझी?

११ ऑगस्ट

स्वामीजी श्रावणभर अनुष्ठानाला बसलेत आणि मठात फोन नाही. कार्ड टाकलं. तोवर लिंगाचं काय करावं? दुसऱ्याचं लिंग आपण तळहातावर घ्यायचं नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण घरातलं लिंग बिनपूजेचं ठेवायचं, तेही श्रावणात? अन्न गोड लागंना. शेवटी आज माझी पूजा उरकल्यावर ते डाव्या तळहातावर घेतलं. भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. मनाला बरं वाटलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

लिहू की नको, असं झालंय. सकाळी ते लिंग घेऊन डोळे मिटले, तर माझ्या तळहाताखाली दुसरा तळहात होता. एवढासा. खालून आधार दिल्यासारखा.

शिवानी लहान असताना मी तिला पूजा शिकवायची तेव्हा तिचा हात वर, माझा खाली असायचा. हे उलटं.

डोळे उघडले तर काही नाही. मला भीती वाटली नाही. उलट पदर डोळ्याला लागला.

२३ ऑगस्ट

रोज असतो. ऊन लागतो, नुकत्याच भाजलेल्या भाकरीसारखा. ह्यांना सांगितलं. म्हणाले, नातवंडाच्या ओढीनं तुला भास व्हायलेत, तुझ्या त्या लाल शाईत लिहून ठेव. आज भस्माच्या ताटलीत तीन बारकी बोटं उमटली होती. मी ताटली धुतली नाही.

२६ ऑगस्ट, सोमवार

शिवानी सहज बोलून गेली. सकाळी मी पूजेला बसले की पोटातलं बाळ हलायचं थांबतं. मी उठले की लागतं हलायला. आजी-आजोबांसारखं शिस्तीचं आहे म्हणाली.

मी हसले.

२९ ऑगस्ट

डॉक्टरीण बाईंनी ठोके ऐकले. सगळं ठीक म्हणतात. आज मात्र मी उठले, ताटली उचलली, भाकरी टाकल्या, तरी बाळ शांतच होतं. शिवानीचं तोंड पांढरं पडलेलं. मग हललं एकदाचं.

मठातून उत्तर नाही.

२ सप्टेंबर. पोळा.

बजरंग अत्तरदाणी दाखवायला आला होता. मी विचारलंच त्याला, पेटी कुणाची. म्हणाला, "मावशी, किल्लारीकडच्या एका म्हातारीची. आषाढात गेली बघा. सासरा निजामाच्या टायमाचा पाटील, त्याची पेटी." तिचं तीन वर्षांचं पोरगं भूकंपात गेलं. तेव्हा कोण कुणाला ओळखणार? सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. चौका मागून ढिगाऱ्यात सापडला. लिंग ठेवायला तळहात उरला नव्हता. म्हातारी रोज ते हातावर घेऊन बसायची, मांडीवर लेकरू असल्यासारखी वाकून. तिच्या पुतण्यांनी घर आवरलं न् आत न बघताच पेटी विकून टाकली.

म्हणजे तीस वर्षं तिच्या हाताखाली तो हात होता. ती गेल्यावर त्याला कुणी राहिलं नाही. आणि मग मी.

मी काय बोलून बसले होते, तेही आठवलं. हा आता आमच्या बाळाचा. कुणापुढं बोलले मी?

३ सप्टेंबर

आज लिंग घेतलं नाही. चौका पेटीत घातला, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. बजरंगचं ऐकल्यापासून हेही कपाटाकडं फिरकत नाहीत. घासायला काढलेल्या डब्या तशाच पडल्यात.

५ सप्टेंबर

शिवानीला ताप. बाळ सारखं उसळतंय. ती म्हणते, आतून कुणीतरी ढकलायलंय, जागा कर म्हणून. पोटावर साडीच्या आतून भस्माचा हात उमटलाय. डावा.

तो दिसेपर्यंत आज मी तिच्या खोलीत गेलेही नव्हते.

६ सप्टेंबर

कुलूप काढलं. पूजा केली. ताप उतरला. बाळ — हलत नाही, पण ठोके आहेत म्हणतात.

त्याच्या आईनं तीस वर्षं खंड पडू दिला नाही. मला तीन दिवस जमलं नाही. माझ्या लेकीपायी, बाळा. तुला कळतंय का?

१० सप्टेंबर

तळहाताला फोड आलेत. तरी घेते. ह्यांनी आज लिंग माझ्या हातातून घेतलं. म्हणाले, नदीत सोडून येतो. दाराशीच थबकले. खाली बसले न् रडायला लागले. म्हणाले, "बोट धरलं गं त्यानं माझं. कसं सोडू?"

१४ सप्टेंबर

आता हात खाली नसतो. कुठंच नसतो. लिंग गार.

बरं वाटायला पाहिजे. मग तो गेला कुठं —

१७ सप्टेंबर. विसर्जन.

दुपारी सुटली. मुलगा. शिवानी सुखरूप. त्या साली भूकंपही विसर्जनाच्याच रात्री झाला होता. नको ते आठवायला —

बाळ रडलं नाही. नुसतं बघतं, जुनी ओळख असल्यासारखं.

डावी मूठ घट्ट. नर्सबाई म्हणाल्या, सगळ्याच बाळांची असते.

१८ सप्टेंबर

दवाखान्यातून पूजेला घरी आले. कुलूप जसंच्या तसं. पेटी बंद. कप्पा बंद. चौका बंद.

आत लिंग नाही.

१९ सप्टेंबर

बाळ-बाळंतीण घरी आली. मूठ ऊन लागते. शिवानी दूध पाजते, त्याच्याशी बोलते, तिला काही सांगितलं नाही. त्याला राख लागलीय, बोटांच्या फटीत. पुसते, परत येते —

हे कपाटाला पाठ करून बसलेत.

२० सप्टेंबर

स्वामीजी, शरणार्थ. आधीच्या कार्डाला उत्तर नाही. हे आधी वहीत लिहिते, मग उतरवून टाकते.

मूठ उघडून लिंग काढून घेतलं तर तो परत बिनहाताचा होईल. आणि त्याच्याबरोबर आमचं बाळ — की आमचं कधीच — नाही उघडली तर शिवानी जन्मभर कुणाला पाजणार? नातवाला की त्या माउलीच्या —

चूक माझी. दोन पैसे वाचवायला गेले. त्याला रागवू नका, तीनच वर्षांचा आहे तो.

उघडू का नको, एवढंच. उलट टपाली कळवा. शिवानी हाका मारतेय, म्हणते, आई, बघ, मूठ आपोआप —