पाठची

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून मी तुम्हाला सोडलं असं समजू नका.

बार्शीच्या धान्यबाजारात तुम्ही मापाडी. ओंजळभर ज्वारी बघून ती कुठल्या शिवारातली ते सांगायचात आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. त्याच नजरेने तुम्ही माझे घारे डोळे पाहिलेत आणि मनाशी ठरवून टाकलंत. भाऊबीज होती. मी सात-आठ वर्षांची, दादासमोर ताट घेऊन उभी. तुम्ही त्याच्याखालचा पाट ओढलात आणि म्हणालात, "पाठची न्हाय ती, वाटंची हाय. हिनं ववाळायचं न्हाय." आई चुलीपुढे बसलेली आहे. ती वर बघत नाही, भाकरी थापत राहते. त्यानंतर मरेपर्यंत ती तुमच्यासमोर मान वर करून बोलली नाही. माझं सोडा, पण तिची ती मान मी तुम्हाला माफ करणार नाही.

गेल्या वर्षी दादाला रक्ताचा आजार निघाला. दुसऱ्याचा बोन मॅरो मिळाला तरच वाचेल म्हणाले. सोलापूरच्या दवाखान्यात माझं रक्त तपासलं. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण जुळलंय. सख्ख्या भावंडांतही दर वेळी जुळत नाही. आई-बाप दोघंही तेच असल्याशिवाय असं सहसा होत नाही." दादा कॉटवर रडायला लागला. मी एसटीने बार्शीला आले, तुमच्या तसबिरीसमोर उभी राहिले आणि तो इंग्रजी कागद मोठ्याने वाचला, अडखळत, पण शेवटपर्यंत. मग तुमचा हार काढून आईच्या फोटोला घातला.

अजून ऐका. मी दादाला माझा मॅरो दिला. तुमच्या वंशाच्या दिव्याच्या अंगात आता माझं रक्त तयार होतंय. त्याचा रक्तगट तुमचा होता, तो पुसला गेला. आता माझा आहे. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

हे पत्र तुमच्या तसबिरीमागे खोचणार होते. पण घर झाडताना दादाच्या हाती लागेल, आणि एक गोष्ट त्याला कळायला नको. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसले होते तेव्हा, त्याचा जीव त्यावर आहे हे माहीत असून, मी मनात म्हणत होते की जुळू नये. लहानपणापासून मी एक दुसरा बाप मनात जपला होता, डोक्यावरून हात फिरवणारा. त्या कागदाने तो नेला.