धक्क्यावरची हाक

तीर्थरूप बाबा,
तुम्हाला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार.

मैत्रिणी आज परत गेल्या. काल त्यांना बेट दाखवलं. नारळाच्या बागा, दीपगृह झालं, मग होडीच्या धक्क्यावर आलो. मला पाहताच होडीवाला ओरडला, "अगं, बाहेर ये, आपल्या नर्सबाई आल्यात!" त्याची बायको बाळाला घेऊन धावत आली.

वादळात डॉक्टरांची बोट येईना, त्यात बाळ पायाळू. तेव्हा मी एकटीनेच तिचं बाळंतपण केलं होतं. तुम्ही काळजी कराल म्हणून कळवलं नव्हतं. तिने हे सांगितल्यावर मैत्रिणी माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि बाळ माझी वेणी सोडेचना.

आता खोली जरा सुनी वाटते, पण करमेल. आईचा गुडघा कसा आहे?

आणि बाबा, मुलगी काय करते असं चारचौघांत कुणी विचारलं, तर आता आवाज खाली न आणता सांगा.

तुमची,
धाकटी