काच भिंतीकडे

११ फेब्रु. ८६, मंगळ
परदेशात पाठवलेली नमुन्याची खोकी परत आली. साठच्या साठ मोटरी. गाडीच्या बाहेरच्या आरशामागे बसतात त्या, बटण दाबलं की काच वळते. वर-खाली बरोबर, डावं-उजवं उलटं. डावं बटण दाबलं तर काच उजवीकडे. सगळ्यांवर तपासणीची चिठ्ठी माझीच, नंबर १७.
पोरं विचारतात, "सतरा नंबर, जेवताना घास कानात जातो का रे?"
पुढच्या महिन्यात पर्मनंट करणार होते.

१२ फेब्रु.
परत आलेल्यातली एक माझ्या टेबलावर लावली. डावं बटण, काच डावीकडे. परत लावली. डावीकडेच. दहा लावल्या. सगळ्या बरोबर.
मग परदेशातले लोक काय येडे आहेत का? का मी?
संध्याकाळी खोलीवर नुसता बसून. घरमालकीण म्हणाली, "असा काय बसलास रं, जेवन जात नाय का तुला?" नावडे गावात ही खोली घेतली तेव्हा वाटलं होतं, आता चौथी कंपनी शोधायची नाही.

१३ फेब्रु.
साहेबांनी बोलावलं. वाटलं, काढलं. तर त्यांनी स्वतःच्या गाडीत बसवलं, स्टेअरिंगपुढे. जन्मात पहिल्यांदा. म्हणाले, आता आरशात बघ.
बघितलं. आणि एकदम...
आमच्याकडे काच भिंतीकडे तोंड करून शिकंज्यात बसवतात, बोटं लागू नयेत म्हणून. मोटर आपल्याकडे. म्हणजे तारा जोडताना नि तपासताना आम्ही आरसा मागून बघतो, ड्रायव्हर पुढून. मागून डावं ते पुढून उजवं. वर-खाली दोन्हीकडून सारखंच, म्हणून कुणाला कळलं नाही. कळणार कसं? खात्यात गाडी चालवणारा एक नाही.
साहेब ओरडले नाहीत. "मागून बघायला कुणी शिकवलं? नाव लिहून आण. सोमवारी."

१४ फेब्रु.
शिकवलं तात्यांनी. खात्याचे मिस्त्री, आमच्या गावचे. मला इथं चिकटवलं ते त्यांनीच.
पहिल्या आठवड्यात मी विचारलेलं, तात्या, डावं कुणाच्या बाजूनं धरायचं? ते म्हणाले, हात ज्या बाजूला, डोळे त्या बाजूला.
विचारलं होतं ना? का विचारावं असं नुसतं मनात आलं होतं? तेव्हा त्यांच्याशी बोलायला जीभच उचलायची नाही. काल पक्कं आठवत होतं. आज जेवढं आठवायला जातो तेवढं...

१५ फेब्रु., शनि
जेवणाच्या सुट्टीत तात्यांजवळ बसलो. सगळं सांगितलं.
"तू विचारलं होतंस मला?"
म्हणालो, असं वाटतंय.
"मला नाही आठवत." मग भाकरी मोडत म्हणाले, "लिही माझं नाव. शिकाऊ माणसाची चूक मिस्त्रीचीच असते."
बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी डबा बंद केला नि म्हणाले, "माझी नोकरीची दीड वर्षं राहिलीत." एवढंच. उठून गेले.
म्हणजे लिहू का नको? शब्द तर 'लिही' हाच होता. तोंड तसं नव्हतं.

१६ फेब्रु., रवि
सकाळी पिशवी भरून पनवेल स्टँडवर गेलो. गावाकडची, साताऱ्याची गाडी लागली होती. कंडक्टर म्हणाला, "चढायचंय का नुसतं बघायचंय?" नुसतं बघून आलो. पळालो तर चूक माझीच ठरते, तात्या सुटतात. तसं झालेलं मला चालेल का? चालेलही. पण मग ते गावात माझ्या घरी काय सांगतील?
दुपारी कागद घेऊन बसलो. तात्यांचं नाव लिहिलं, फाडलं. माझं लिहिलं, तेही फाडलं. सातवीपर्यंत शिकलेल्यानं असली कामं करू नयेत.
आता तिसरा कागद. त्यावर एवढंच आहे: "आम्ही मागून बघत होतो."
खोटं नाही. पण साहेबांना एक नाव पाहिजे. उद्या आठची पाळी. तात्या रोज नाक्यावर थांबतात, बरोबर जायला.