पडद्यापलीकडचा भिडू

१२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. ‘नवा गुडघा जुन्यापेक्षा आज्ञाधारक आहे’ हे तुमचं वाक्य मी मोठ्यांदा दोनदा वाचलं. मोठ्यांदा वाचायचा मला गृहपाठच असतो. जिना चढायची घाई मात्र करू नका. तुमचा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते.

मी मजेत आहे. शिलाई मशीन पुन्हा सुरू केलंय. उजवा हात अजून थोडा रुसतो, पण सरळ शिवण जमते. कॉलर अजून वाकडीच बसते. गिऱ्हाइकं चांगली आहेत, वाकडी मानच करून घालतात बिचारी.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझा शब्द अडला की तुम्ही पलीकडून लगेच पुरवता आणि मी तोच उचलून पुढे जाते. आज मला माझेच शब्द हवेत. पत्राला चार-पाच दिवस लागतील, लागू देत.

माझ्यासाठी खोली रिकामी केलीत, पडदे कुठल्या रंगाचे लावू म्हणून विचारलंत. त्याचं सांगते, पण आधी दवाखान्यातली गंमत ऐका.

झटका आला तेव्हाचे पहिले दिवस तुम्ही पाहिलेतच. सगळं कळत होतं आणि तोंडातून निघत होतं फक्त ‘बरं का’. डॉक्टरांनी विचारलं, “कसं वाटतंय?” तर “बरं का.” तुम्ही विचारलंत, “पाणी हवं?” तर “बरं का!” आणि मी रागानं पेला ढकलला. तुम्ही बाहेर जाऊन रडलात हे मला माहीत आहे. आत आलात तेव्हा नाक लाल होतं.

तुम्ही परत गेलात, त्यानंतर मला तिथल्या संशोधनात घेतलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त अडून ज्यांची भाषा गेली, त्यांची ती कशी परत येते, कुणाची येते, कुणाची येत नाही, हे त्यांना शोधायचंय. शिकवणारी मुलगी इतकी भराभर बोलते की आम्ही तिला ‘चिमणी’ म्हणतो. म्हणजे ज्यांना म्हणता येतं ते म्हणतात.

चिमणीचा खेळ असा. टेबलाच्या मधोमध छोटा पडदा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा भिडू. दोघांच्या हातात चित्रांचे तेच पत्ते. आपल्या चित्राचा जोडीदार पलीकडून मागून घ्यायचा, पण फक्त बोलून. बोट दाखवायचं नाही, हातवारे नाहीत, हुंकारही नाही. शब्द येईपर्यंत थांबायचं. समोरच्यानं पुरवायचाही नाही.

माझ्या वाट्याला आलेले भिडू म्हणजे एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर. धिप्पाड माणूस, मिशा ब्रशसारख्या. पहिल्या दिवशी मला कात्री हवी होती. जन्मभर हातात कात्री धरली आणि तोंडातून काय यावं? “चादर आहे का?” त्यांनी आपले पत्ते शोधशोध शोधले. चादर कुठली असायला! मग पडद्यापलीकडून एक अस्सल शिवी आली, स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

चिमणी म्हणाली, “शाब्बास!”

मी तोंडाला पदर लावला. नंतर तिनं समजावलं की शिव्या, आकडे, पाठ गाणी ही वेगळ्या वाटेनं येतात. विचार करून वाक्य जुळवायची वाट बुजली तरी ती वाट पुष्कळदा उघडी राहते. ड्रायव्हरसाहेबांची तर आठपदरी हमरस्त्यासारखी उघडी होती. ‘चला’ आणि शिव्या, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. माणसांची नावं तर अजूनही येत नाहीत. स्वतःचं येतं कसंबसं, दुसऱ्याचं नाहीच.

ते पुतण्याच्या घरी राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरचे वाईट नाहीत, पण त्यांच्याशी ओरडून बोलतात, बहिऱ्याशी बोलावं तसं. बोलायला गेले की वाक्य कुणीतरी दुसराच पुरं करतो. शब्द थोडे सुटू लागल्यावर मला हे सगळं त्यांनीच सांगितलं. एक दुपार लागली, आणि मी मधे एकदाही शब्द पुरवला नाही. बोलून झाल्यावर ते धावून आल्यासारखे दमले होते, आणि चेहरा असा उजळला होता, काय सांगू.

तेव्हापासून खेळ संपल्यावर आम्ही बाहेरच्या बाकावर बसतो. चहा घेतो. कधी मी अडते, कधी ते. कुणालाच घाई नसते.

परवा मेंदूवाल्या डॉक्टरांनी माझी दोन चित्रं शेजारी ठेवून दाखवली. मशीनमध्ये झोपून वस्तूंची नावं घेताना काढलेली, एक सुरुवातीचं, एक आत्ताचं. मधला काळा डाग तसाच आहे. तो भाग गेला तो गेला. पण नव्या चित्रात डागाच्या कडेकडेनं लाल ठिपके उमटलेत, थोडे उजव्या बाजूलाही. डॉक्टर म्हणाले, “तिथं रक्त जास्त धावतंय. शेजारचा भाग काम शिकतोय असं आम्हाला वाटतं. अजून खात्रीनं सांगता येत नाही.” मला त्यांचं ते ‘वाटतं’ फार आवडलं. मी म्हटलं, “बरं का!” आणि या वेळी मुद्दाम म्हटलं. डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

आता पडद्यांच्या रंगाचं. वन्सं, चार दिवस झाले, मी इथेच अडलेय, आणि शब्द सापडत नाही म्हणून अडलेली नाही.

मागच्या आठवड्यात पत्ते खेळत होतो. ड्रायव्हरसाहेबांची पाळी. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, “तुमच्याकडे… घर… आहे का?”

मी पत्ते पाहिले. घोडा, बादली, चावी, बस. घराचं चित्र नव्हतं. पुन्हा पाहिले. चिमणी म्हणाली, “आजोबा, या पत्त्यांत घर नाहीये. पुन्हा बघा.”

ते म्हणाले, “पत्ता… नको. घर.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पडद्यामुळे चेहरा दिसत नव्हता हे बरंच झालं. दोघांचाही. मी म्हटलं, “आहे. दोन खोल्या आहेत. जागा आहे.” इतकं सरळ, न अडखळता मी झटका आल्यापासून बोलले नव्हते. चिमणीच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

तुमच्या भावाचा फोटो त्याच भिंतीवर आहे. मी ड्रायव्हरसाहेबांना घरी नेऊन दाखवला. जवळ जाऊन नीट पाहिला. म्हणाले, “चांगला… माणूस.” दोनच शब्द, पण दोन्ही बरोबर.

आम्ही लग्न करायचं म्हणतो आहोत, नोंदणी पद्धतीनं. लोक हसतील, हसू देत, आम्हीच सगळ्यात जास्त हसतो. पण ती खोली तुम्ही स्वतःच्या हातानं आवरलीत. भाऊ गेल्यावर मला धाकट्या बहिणीसारखं धरून ठेवलंत. तुम्ही नको म्हणालात तर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. ते वाक्य मला जुळवताच येत नाही.

उत्तर द्या. राग आला असेल तर तोही लिहा, मी मोठ्यांदा वाचीन.

तुमची वाट बघणारी,
भावजय

~

२१ फेब्रुवारी

वेडाबाई,

पत्र वाचलं. रागावले. पडद्यांचं कापड आणून झालं होतं, आणि ते दुकानवाले परत घेत नाहीत.

एक अख्खा दिवस मी कुणाशी बोलले नाही. घरातल्यांना वाटलं, आता हिलाही झटका आला. सून डॉक्टरांना फोन करायला निघाली तेव्हा तोंड उघडावं लागलं.

भावाची फार आठवण आली. त्याला पहिल्यांदा तुझ्याकडे घेऊन आले ते मी. तेव्हाही तो गप्पच होता आणि तू एकटी बडबडत होतीस. मग मला हसूच फुटलं. तुझ्या नशिबात कमी बोलणारेच दिसतात.

तू इकडे यावंस असं मला वाटत होतं ते तुझ्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. सोबत झाली असती. म्हणून दोन दिवस तोंड फुगवायचा हक्क मी बजावणार आहे. मला अडवू नकोस.

कापड पार्सलनं पाठवते आहे. निळं आहे. तुझ्याच खिडक्यांना शिव. डॉक्टर मला प्रवास करू देत नाहीत, नाहीतर तारखेला साक्षीदार म्हणून मीच उभी राहिले असते. त्या माणसाला सांग, पाय बरा झाला की मी येऊन त्याची एक शिवी ऐकणार आहे. आणि दुसरं, लग्नानंतर मला ‘अहो ताई’ वगैरे म्हणायला लागलीस तर बघ. मी वन्संच.

आशीर्वाद, दोघांनाही.

~

३ एप्रिल

ती. वन्संना,

झालं! काल झालं!

सुरुवातीपासून सांगते. कचेरीत आम्ही, चिमणी, पुतण्या आणि त्याची बायको. नोंदणी अधिकारी बाई कडक. चष्म्यावरून बघणाऱ्या. म्हणाल्या, दोघांनीही तोंडानं म्हणायचं, ‘मी अमुक, तमुकला पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारतो.’

मी म्हटलं. ‘स्वीकारते’वर जरा घसरले, पण गाडी रुळावर आणली.

मग त्यांची पाळी. “मी…” आणि स्वतःचं नाव नीट आलं. पुढे माझं. तिथे सगळं थांबलं. कपाळाला घाम. पुतण्यानं तोंड उघडलं, मी त्याच्या पायावर पाय दिला.

आणि मग, वन्सं, निघाली. तीच. खणखणीत. सरकारी कचेरीत!

शिक्के मारणारा कारकून थांबला. पुतण्याच्या बायकोनं डोळे मिटले. मी लाजेनं मेलेच. चिमणी पुढे होऊन भराभर सांगू लागली, मेंदूची डावी बाजू, वेगळी वाट, त्यांच्या मनात तसं काही नाही, वगैरे. अधिकारी बाईंनी हात वर केला. “कळलं. माझे वडील असेच होते. आजोबा, नाव बोटानं दाखवलंत तरी चालेल मला.”

ड्रायव्हरसाहेबांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. डाव्या हातानं टेबलावर ठेका धरला, चिमणीनं शिकवलाय तसा, आणि चक्क चालीत म्हणायला लागले. कुठली चाल होती देव जाणे, ट्रकमध्ये ऐकलेली असणार. “मी… हिला…” आणि माझं नाव आलं! मधली दोन अक्षरं जागा बदलून आली, पण आलं. “…पत्नी म्हणून स्वीकारतो.” शेवटचं तर तान घेऊन.

अधिकारी बाईंनी कागद पाहिला, मग माझ्याकडे. “नाव हेच का?”

मी म्हटलं, “कागदावर आहे ते माझं. ते म्हणाले तेही माझंच.”

बाई आता खुदकन हसल्या. कारकुनानं शिक्का मारला तो इतक्या जोरात की शाईची बाटली नाचली.

घरी आल्यावर त्यांनी मला त्या नव्या नावानं तीनदा हाक मारली. काही काम नव्हतं. नुसतीच.

चिमणी सांगते, संशोधन आणखी वर्षभर चालेल. पुढच्या महिन्यात त्यांना मशीनमध्ये घालून चित्र काढणार आहेत. किती बोलायला लागतील ते डॉक्टर सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही. जेवताना आज पाच वाक्यं झाली की सहा, यावर भांडण होतं. परवा भाजीत मीठ नव्हतं तर ‘अळणी’ हा शब्द त्यांना अचूक सापडला. मी रागवावं की टाळ्या वाजवाव्यात?

या. लवकर बऱ्या व्हा आणि या.

सही कशी करायची, यावर सकाळपासून थांबले होते. मग लिहूनच टाकलं, आणि लिहिताना हात जरासुद्धा अडला नाही.

तुमची,
भावजय